शेवटी के

पुन्ता अरेनासला वारा सुटला
की नगरपालिका चौकात दोर बांधते.
माणसं दोर धरधरून औषधाच्या दुकानात शिरतात,
केस तोंडावर, नाकं लालबुंद,
आणि त्यांनी दार नीट लावायच्या आत
मी विचारते,
रुत?

रुत म्हणजे आकडा.
जन्मलं की चिकटतो.
बँकेत तोच, दवाखान्यात तोच, मतदानाला तोच.
मग एक आडवी रेघ, रेघेपुढे एक अंक,
कुणाकुणाच्या नशिबी अंकाऐवजी के.
डोकेदुखीच्या गोळीला तो लागत नाही खरं तर.
पण विचारायचाच, असं ओर्मेन्योसाहेबांनी
काउंटरच्या आतून कागद डकवून ठेवलंय,
फक्त मला दिसेल असं.

आठ महिने झाले.
मच्छीमार आकडा ओरडून सांगतात,
पलीकडच्या बोटीला हाक मारावी तसा.
एक पोरगा आला होता,
चाचणीची डबी काउंटरवर पालथी ठेवून
काचेवर बोटाने एकेक अंक लिहीत गेला.
मागच्या रांगेला एकदम
टूथपेस्टमध्ये फार रस वाटू लागला.

आकडा लहान तेवढं वय मोठं,
हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं.
म्हणून काही बायका पहिले दोन अंक गिळतात,
पुढचे ठणठणीत.

एर्मेलिंदा ओयार्सो मात्र काही गिळायची नाही.
पाच तारखेला यायची, हातमोजे न काढता
सगळा आकडा घडाघडा,
आणि शेवटी के,
कडी घालावी तसा.

पडद्यावर उमटायचं:
बाउदिलियो, पुन्हा स्वागत.

मी काही विचारलं नव्हतं. पडदाच बोलका.
बाउदिलियोच्या नावावर सहा वर्षांचं
गुडघ्याचं मलम, झोपेच्या गोळ्या,
आणि पुरुषाला कधीच लागणार नाही असं एक क्रीम.
मला कळलं.
मला कळलं हे तिलाही कळलं.
तिने माझ्या छातीवरचा बिल्ला सावकाश वाचला.
"योसेलिन," ती म्हणाली,
"मी तुझं नाव विचारलं होतं का?"

पुढच्या महिन्यात आपण होऊन म्हणाली,
"रस्त्याने तो कायम वाऱ्याच्या बाजूने चालायचा.
मी आडोशाला.
इतक्यात कशाला बदलायचं?"
मी पावती दिली.
पावतीवर बाउदिलियोचे आभार मानले होते.

जुलैत पडदा लाल झाला.
ग्राहक मृत. दुसरा क्रमांक घ्या.

रांगेत अकरा माणसं.
ओर्मेन्योसाहेब खोकल्याच्या औषधांपाशी, कान इकडे.
मी म्हटलं, "यंत्र अडकलंय."
तिने मान वाकडी करून पडद्याचा उजेड पाहिला,
माझ्या गालावर पडलेला.
एक हातमोजा काढला. परत घातला.
"सवलत नको," म्हणाली, "पूर्ण पैसे घे."
नऊचे चौदा हजार होत होते.
पाकिटातल्या नोटा ती मोजत होती ते मी पाहिलं,
पाहायला नको होतं.

मी एक आकडा टाकला.
तिने विचारलं नाही कुणाचा.
"नऊ," मी म्हटलं.
ती दोर धरून गेली,
आतल्या बाजूने, तशीच,
एका माणसाची जागा सोडून.

आता मला निरोप येतात:
प्रिय योसेलिन, सत्तरीनंतरही गुडघे साथ देतील.
प्रिय योसेलिन, आजार सांगायला लाजू नका.
परवा जेवताना भावाने माझा फोन उचलला
आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं:
योसेलिन, झोप येत नाही?
आई हसता हसता ठसकली.
मीही हसले, फोन पालथा ठेवला.

झोप येत नाही हे खरं आहे.
पण ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.