आज माझी जीभ गावाची

ज्योतिष्याने सांगितलं,
आपल्या गड्यांनी पश्चिमेच्या फाटकातून उतरावं,
पहिला बाण सापाच्या वर्षी जन्मलेल्याने मारावा.
म्हणून रात्रभर सगळे गोठ्यात निजले,
बायकांपासून लांब, धनुष्यं उशाशी घेऊन.
आम्हीही हसत हसत आतून कड्या घातल्या.

आता लोसारचं ऊन तिरपं पडलंय.
खाचरांतले भाताचे खुंट अजून गोठलेले,
आणि मैदानाच्या त्या टोकाला, पावणेदोनशे पावलांवर,
रोवलीय रंगवलेली फळी, वीतभराहून थोडीच रुंद.
तिला खेटून उभे राहतात पुरुष,
हात नाचवत ओरडतात, इकडे मार, इकडे!
बाण कानाजवळून सणकत गेला
तरी पापणी लवत नाही त्यांची.
आरा प्यायलेल्या माणसाला मरण जरा लांबच दिसतं.

बाण मारणं त्यांचं काम.
मारणाऱ्याचा हात हलवणं आमचं.
आम्ही नऊ जणी, हातात हात गुंफून, एका ओळीत.
समोरच्या गावाचा गडी पुढे आला
की त्याच्या सात पिढ्या उन्हात वाळत घालायच्या.

"रिग्झिन, हा बाण की तुझा मेव्हणा?
जाईल तिथे जेवूनच परततो!"

"नेम चांगलाय रे ग्येम्बो,
फळीऐवजी डोंगराला लागतो, एवढंच!"

लोक हसतात. तोही हसतो.
खांदा तसूभर ढळतो.
तेवढंच हवं असतं.

मग ल्हादेन मला कोपराने ढोसते.
पुढे आलाय थुक्तेन.
माझा.

दोन वर्षं झाली, नांदायला गेलाय नदीपलीकडे, बायकोच्या घरी.
आमच्याकडे मुलगेच जातात,
मुली आईची चूल धरून राहतात.
पाठवताना मी रडले नव्हते.
सुक्या मिरच्यांचं एक पोतं दिलं, आणि बापाचं धनुष्य.
तेच आज त्याच्या हातात,
आमच्या फळीवर रोखलेलं.

बायका थांबल्यात.
या खोऱ्यात माझ्याइतकी तिखट जीभ दुसरी नाही,
हे त्यांना ठाऊक,
आणि मला तो सगळाच्या सगळा ठाऊक.

"बघा हो शूरवीर!" मी सुरू केलं,
"कोंबड्याला भिऊन कणगीत बसला दिवसभर,
बाहेर काढला तोवर
कोंबडा म्हातारा झाला होता!"
मैदान फुटलं हसून.
पलीकडच्या ओळीत सूनही हसली, बाहीआड तोंड लपवून.
थुक्तेनने दोरी सैल सोडली.
परत ओढली.

अजून एक होतं माझ्यापाशी.
बाप गेला त्या हिवाळ्यात
हा रात्री एकटाच यायचा इथे,
न दिसणाऱ्या फळीवर बाण मारायचा.
सकाळी मी वेचून आणायचे,
मोजायचे, दाराशी ठेवायचे,
आम्ही दोघंही काही बोलायचो नाही.
ते म्हटलं असतं
तर हात हललाच असता.
ओठांवर आलंही होतं.
तेवढ्यात धुपाचा धूर या बाजूला वळला, असं म्हणा.
मला ठसका लागला.

बाण दिसत नाही कुणाला.
आधी आवाज येतो, कोरड्या लाकडाचा,
मग त्या टोकाला माणसं गोल धरून नाचू लागतात.
त्याच्या कमरेला आणखी एक पिवळा पट्टा.

"सुनेच्या घरच्यांनी लोणी चारलंय हिला,"
ल्हादेन म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.
मी काय बोलणार? खोकत होते.

दिवस मावळला तरी गुण बरोबरीत, खेळ उद्यावर गेला.
शेकोटीपाशी तो आला, आराचा पेला घेऊन.
"ठसका बरा झाला का, आई?"
मी त्याचा हात ओढून उजेडात धरला.
दोरीने दोन बोटं चिरलेली.
"लोणी लाव याला," म्हटलं,
"आणि उद्या सांभाळून रहा.
उद्या माझा घसा मोकळा असेल."