शंभराची बेरीज

निकालपत्रावर तीन ओळी, तीन रिकाम्या जागा:
कंपनी, आई, मुलगी.
प्रत्येकीपुढे टक्के लिहायचे.
खाली छापलंय, बेरीज शंभरच झाली पाहिजे.

एल्कोचं कोर्ट. खिडकीबाहेर सेजब्रशचं करडं रान,
मे महिना, तरी डोंगरावर बर्फ.
पुढ्यात गार कॉफी, आणि एक पेन्सिल
खोडरबर नसलेली.

मी सहा नंबरचा ज्युरर.
निवडताना विचारलं, धंदा काय?
म्हटलं, मेकॅनिक. निवृत्त.
कसला, हे विचारायच्या आत
न्यायाधीशांना जेवणाची सुट्टी आठवली.

एकतीस वर्षं मी जुगाराची यंत्रं दुरुस्त केली.
तीन चेऱ्या एका रेषेत येता येता एक घसरते ना,
ते थोडक्यात हुकणं आपोआप होत नाही.
ते बसवलेलं असतं.
आणि भिंतीवर घड्याळ लावायचं नाही,
हे तर शिकाऊ पोरालाही ठाऊक.

म्हणून कंपनीचा इंजिनिअर साक्षीत
'वापरकर्त्याला गुंतवणारी रचना' म्हणाला
तेव्हा बाकीचे वहीत लिहीत होते,
मला ग्रीसचा वास आला.

मुलगी माइते इरिबार्ने.
पणजोबा पिरेनीजकडून मेंढरं राखायला आलेले.
चौदाव्या वर्षी तिनं एकदा शोधलं, पोट सपाट कसं करावं.
एकदाच.
पुढचे अकरा महिने तिला शोधावं लागलं नाही.
इस्पितळात तिला हातमोजे घालून निजवायचे,
जून महिन्यात.

आता ती अठराची. तिसऱ्या बाकावर बसते,
फोन दाराशी जमा, हात मांडीवर उताणे.
तरी मधूनच अंगठा हलतो,
झोपेत कुत्र्याचा पाय हलावा तसा.

आई नेकाने, मोटेलच्या धुलाईघरात रात्रपाळीला.
वकिलानं विचारलं, फोन कोणी दिला?
मी.
बिल कोण भरत होतं?
मी.
पासवर्ड माहीत होता?
तिनं मला एक सांगितला होता.
दर उत्तरागणिक बाई खुर्चीत लहान होत गेली.
मग तो आमच्याकडे वळला, अगदी मऊ आवाजात:
बोट तर मुलीचंच होतं ना?

हे वाक्य माझं आहे.
एका जानेवारीत एक बाई भाड्याचे पैसे घालवून
यंत्राला टेकून बसली होती,
मी झाकण उघडून स्प्रिंग बदलत होतो.
हे असं का करतं, तिनं विचारलं.
म्हटलं, बाई, दांडा तुम्हीच ओढता.
खोटं नव्हतं.
पगारही वेळेवर व्हायचा.

पण आमच्या दारावर पाटी होती, एकवीसच्या आत प्रवेश नाही.
पाटीखाली थेरॉन उभा, ओळखपत्र उजेडात वाकवून बघणारा,
मिसरूड फुटलेल्या पोरांना
कॉलर धरून थंडीत बाहेर काढणारा.
आम्ही कोणी साधू नव्हतो. तरी दार होतं.
माइतेच्या उशीखाली कुठलं दार?

दोन नंबरची शिक्षिका म्हणते, आईला चाळीस.
तिचा मुलगा पंधराचा, कालच लिफ्टमध्ये म्हणाली होती
की हल्ली तो जेवायलाही खोलीबाहेर येत नाही.
अकरा नंबरचा रँचवाला म्हणतो,
कुंपण मोडलं तर वासराला कोण विचारतं?
मग कुंपण कोणाचं, यावर तासभर गेला.

माझी पाळी.
मुलीपुढे शून्य लिहितो,
इतकं दाबून की खालच्या कागदावरही उमटतं.
आईपुढे थांबतो.
ती स्वतःला शंभर देऊन बसली आहे,
वर माझे पाच कशाला?
कंपनीचा आकडा मला कधीचा माहीत आहे.
लिहायला घेतो, आणि आठवते ती
जानेवारीतली बाई, तिचे ओले बूट.
तिच्या ओळीत मी किती?

काय झालं, फोरमन ऑर्व्हिल विचारतो.
काही नाही.
या पेन्सिलीला खोडरबर का नाही?
तशाच बनवतात, कोणीतरी म्हणतं.