नळी फिरत राहिली पाहिजे

बसमधून उतरताच वडील म्हणाले,
"धूर नाही. भट्टी गॅसची केलीये वाटतं."
मी वर पाहिलं: धुराडं तसंच उभं,
टोकावर करकोचाचं घरटं.

कारखान्याचं म्युझियम होऊन अकरा वर्षं झाली.
तिकिटाच्या खिडकीतल्या मुलीला पांढरी काठी दिसली
आणि तिनं अर्धंच तिकीट फाडलं.
"काच बघायला आलोय," वडील म्हणाले.
ती ओशाळली. मी नाही. मला सवय आहे.

एकतीस वर्षं त्या पांढऱ्या तोंडात डोळे घालून बसले ते.
एक डोळा शस्त्रक्रियेत गेला,
दुसरा त्यांनी डॉक्टरला दिलाच नाही.
आमच्या बोहेमियात म्हातारे सांगतात,
भट्टी मुद्दल सोडते, व्याज सोडत नाही.

तिसरं दालन, चौदावं कपाट,
आत तो हिरवा पेला.
मी पाटी वाचून दाखवली:
*कारागीर अज्ञात. डावीकडे जाणीवपूर्वक दिलेला झोक.
सममितीविरुद्धचं मूक बंड.*
वडील इतके हसले की पहाऱ्यावरच्या बाई जवळ आल्या.
"शिंक!" डोळे पुसत ते म्हणाले. "शिंक आली होती मला.
बोहुमीर म्हणाला, फोडून टाक. म्हटलं, राहू दे,
पिणाऱ्याला कुठे कळतंय."
सांगूया ना त्यांना, मी म्हटलं, नाव लिहितील.
ते जरा थांबले.
"कुणाचं? शिंकेचं?"

खालच्या शेडमध्ये दुपारी दोनचा प्रयोग.
बाकांवर शाळेची पोरं, खिशात चुरचुरणारी चॉकलेटं,
आणि वेन्दुला,
दंडावर भाजल्याची जुनी खूण, कानात सूक्ष्मसा मायक्रोफोन.
नळीच्या टोकाला तिनं गोळा घेतला,
दोनतारी पाकासारखा, पडू पडू म्हणणारा, न पडणारा.
फुंकली. फुगा आला. पोरं गप्प झाली.
मग ती वाळूबद्दल सांगू लागली, सोड्याबद्दल,
कुठल्या तरी राजाच्या झुंबराबद्दल,
आणि लोखंडी पट्टीवर नळीची घरघर
सांगता सांगता मंदावली.

"थंड पडतंय," वडील पुटपुटले.
मग मोठ्यानं: "पोरी, थंड पडतंय!"

टिक्.

एवढाच आवाज. नखानं नख सोडवावं तेवढा.
अर्धा फुगा बादलीत गेला.
पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना तो खेळातलाच भाग वाटला.
वेन्दुलानं घाम पुसला, बाकांकडे पाहिलं.
"कोण बोललं?"

नियमात बसत नव्हतं बहुतेक.
तिनं मायक्रोफोन काढून टेबलावर ठेवला,
काठी माझ्याकडे दिली,
त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं
आणि नवी नळी, गार टोक पुढे करून, त्यांच्या हातात दिली.
ते फुंकणार नव्हते.
दम कधीचाच सरला, उरला तो दमा.
"तू फुंक," म्हणाले, "मी फिरवतो."
ती जमिनीवर गुडघे टेकून बसली, तोंड नळीला लावून,
आणि माझ्या वडिलांची मनगटं,
ज्यांना शर्टाचं बटण सापडत नाही,
चमचा ताटाबाहेर टेकवणारी ती मनगटं,
चालू लागली.

काय झालं त्याचं? एक वाडगा. साधा. निळसर.
झोक नव्हता कुठेच, मी नीट पाहिलं.
तो निवायच्या भट्टीत गेला. रात्रभर हळूहळू थंड होईल,
उद्या दहानंतर या, वेन्दुला म्हणाली.
आमची शेवटची बस चारची.
पोस्टानं पाठवते, ती म्हणाली. वडील म्हणाले, फुटेल.
ती म्हणाली, फुटू देणार नाही.
ते काही बोलले नाहीत.

परतीच्या बसमध्ये पाऊस भुरभुरत होता.
माझी मिटलेली छत्री त्यांनी मांडीवर आडवी घेतली होती
आणि तळव्याखाली ती फिरवत होते,
पुढे, मागे, पुढे,
लिबेरेत्सपर्यंत.
शेजारच्या बाईंनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं.
मी छत्री मागून घेतली नाही.
थांबली असती तर ओघळली असती.