तळघरातली रेघ

ग्युमरी, आर्मेनिया

माझं शिवणयंत्र बंद पडलं त्याला वार्दगेस जबाबदार नाही,
असं वार्दगेस म्हणतो.
त्याची मोटर मात्र तळघरात,
बटाट्यांच्या पोत्याशेजारी,
तांब्याची तार गुंडाळत बसली होती:
केसाहून बारीक, चार हजार वेढे.
मोजायला नातीचा, न्वार्दचा, जुना कॅल्क्युलेटर,
बरोबरच्या बटणाला दोन वायरी डकवलेल्या,
दर फेऱ्याला अधिक एक, अधिक एक.
तीन हजार एकशे सहावर तार तुटली.
तेव्हा जे शब्द जिन्यातून वर आले
ते लवाश लाटताना मला ऐकू आले नाहीत, असं आपण धरू.

लोहचुंबक मेलेल्या दोन हार्डडिस्कमधले.
एकीत गेघामच्या दुकानाचा नऊ वर्षांचा हिशेब होता
(गेघाम म्हणतो, सुटलो).
दांडा पडद्याचा. बिजागरीच्या जागी
दाढीचं पातं आणि गिटारची तार.
बोर्ड काड्यापेटीएवढा, टपालाने चीनहून आला,
पत्त्यात आमच्या गल्लीच्या नावात तीन चुका.

"हे कसलं यंत्र?"
"जमीन ऐकायचं."
मी म्हटलं, एकदा ऐकली तेवढी पुरे.
तो डाख देत राहिला.
राळेचा धूर वर आला,
चर्चमधल्या धुपासारखा, पण घाईतला.

पहिला आठवडाभर त्याने नुसता आमचा फ्रिज ऐकला.
मग गेघामचा ट्रक.
मग पलीकडच्या लग्नातला नाच:
कोचारीच्या उड्या स्क्रीनवर दिसतात हो,
कुणाचा पाय चुकला तेसुद्धा.
मग त्याने पायांखाली रबर घातलं, पेटीवर फोम,
रात्ररात्र बसून गाळण्या लिहिल्या,
एकेक आवाज वेचून टाकला,
मी मसुरातले खडे काढते तसा.

आणि एका मंगळवारी
समुद्रापलीकडे कुठेतरी जमीन सरकली.
आमच्या वाडग्यातल्या मत्सूनवर सुरकुतीही नाही,
पण रेघ फुगली, ओसरली, फुगली, वीस मिनिटं,
झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी.
वार्दगेस एक चप्पल घालून रस्त्यावर धावला,
"आला, आला!"

या गावात असं ओरडू नये.
ओहानच्या म्हाताऱ्या आईने खिडकीतून त्याचं तोंड पाहिलं
आणि मुलांना अंथरुणासकट बाहेर काढलं.
तासभर सगळी गल्ली बर्फात उभी.
दुसऱ्या दिवशी तो घरोघर गेला,
प्रत्येक दारात मूठभर सुके जर्दाळू, मान खाली.

त्यानंतर दोन आठवडे बोलला नाही.
मग एकदा म्हणाला, खाली ये, एक दाखवतो.

रात्री तीनच्या पुढे, रोज, बारीक दाते:
चौदा. मग नऊ मिनिटं सपाट.
मग परत चौदा.

"मी पंप शोधत होतो," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दाराची चौकट भक्कम आहे, काळ्या दगडाची.
तिच्यात मी उभी राहते, दोन्ही हात दोन्हीकडे टेकून,
आधी उभी राहिले नव्हते म्हणून.
मला वाटायचं, अनवाणी असते,
कुणाला कळतंय.

"ठरलेला ठोका आहे," तो म्हणाला,
"दोन ओळी लिहिल्या की रेघेवरून जाईल."
बोट कीबोर्डवर, माझ्याकडे न बघता.
वर फ्रिज सुरू झाला. रेघेवर उमटला नाही.

"राहू दे."

"बरं."

मग जरा वेळाने मी विचारलं, माझी मोटर?
"दुसरं वेटोळं झालं की देतो.
हे फक्त उत्तर-दक्षिण ऐकतं,
पूर्व-पश्चिम अजून बाकी आहे."

आज दोन हजार तीनशेवर पोचलाय.
चहा घेऊन खाली जाताना
मी पायऱ्यांवर पाऊल हलकं टाकते.
तार फार बारीक आहे.