आवा बिघडला त्या दिवशी

चांगले रांजण गेले.
तेल भरून, गळ्याला चुन्याचं बूच लावून,
गलबतांच्या पोटात खांद्याला खांदा देऊन
गेले ते गेलेच.
आमच्या वाट्याला हा उकिरडा:
फुगलेले, खचलेले, एकमेकांना चिकटलेले,
शेजाऱ्याच्या काखेत मान घालून बसलेले,
आवा बिघडला त्या दिवशीचे.

झरझिसच्या दक्षिणेला, जैतुनांच्या दोन ओळींमध्ये
सहा बाय सहाचा खड्डा.
मी खापरं काढते. म्हणजे
मातीतून नव्हे, कागदावर.
काठाचा तुकडा उलटा धरायचा,
वर्तुळांच्या तक्त्यावर सरकवत न्यायचा,
चौदा सेंटीमीटर, पंधरा,
कुठे बसतो ते बघायचं.
तारांच्या कंगव्याने कड उतरवून घ्यायची.
अर्धं भांडं कापल्यासारखं, अर्धं बाहेरून,
मधे एक उभी रेघ.
आजवर अकराशे बारा झाली.

मंगळवारी बुडाची टोकं काढायला घेतली.
कुंभाराची बोटं ओल्या मातीवर चढत जातात,
आतल्या बाजूला त्यांची वळी राहते.
सगळ्या वळ्या एका अंगाने.
सतरा टोकांवर
दुसऱ्या.

दोन दिवस कुणाला बोलले नाही.
मी डावरी.
फ्रेंचच्या तासाला माझा तळहात
ताज्या शाईवरून फरफटत जायचा,
वहीभर निळा धूर.
अरबीच्या तासाला मात्र
माझ्याइतकं स्वच्छ वर्गात कोणी लिहीत नसे.
पट्टी दोन्ही तासांना बसायची.

म्हणून तो मला दिसायलाच लागला.
शेवटच्या चाकावर बसवलेला, भिंतीकडे तोंड,
मुकादम येता-जाता टपली मारतोय
आणि हा गप्प, डाव्या हाताने
माती वर ओढतोय.
नाव तेवढं ठेवायचं राहिलं होतं.

शुक्रवारी रिहामने अम्म सासीला आणलं,
जेर्बा बेटावरून, गल्लालाचा कुंभार,
वय अठ्ठ्याहत्तर, त्याच्या म्हणण्यानुसार सत्तर.
त्याने खापर आधी चाटलं.
‘खारट. समुद्राचं पाणी घातलंय मातीत.
वरची कातडी पांढरी निघावी म्हणून. आम्हीही घालतो.’
मग आव्याच्या तोंडाशी वाकला, राख चोळली.
‘जैतुनाचा चोथा. ओला होता.
कुणाला तरी घाई होती.’

मी सतराही टोकं त्याच्यापुढे मांडली.
‘डावरा होता ना?’

त्याने एक उचललं, आत करंगळी घालून फिरवली.
मग विजारीचा पाय वर खेचला
आणि मला गुडघा दाखवला,
कांद्याएवढा सुजलेला.
‘चाक हाताने फिरतं का गं? पायाने फिरतं.
त्याचा उजवा पाय गेला असणार.
माझा एकोणनव्वद साली गेला.
डाव्याने लाथ मारायला शिकलो,
सहा महिने बायको म्हणायची, हे काय, लोटा की टोपी?
तेव्हापासूनची माझी सगळी मडकी बघ,
अशीच निघतील.’

रिहाम म्हणाली, त्या काळी इथे
पायाचं चाक होतं याचा पुरावा नाही.
‘तू होतीस?’ त्याने विचारलं.
‘तुम्ही होतात?’ ती म्हणाली.
दोघंही हसली नाहीत.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
वळ्या उलट दिशेने. कारण अनिश्चित.
भिंतीकडे तोंड केलेल्या माझ्या माणसाला
तिथेच बसू दिलं, पण आता
त्याचा पाय दुखत होता.

‘मग चांगले कुठायत?’ अम्म सासीने विचारलं.
बरेचसे समुद्राच्या तळाशी, मी म्हटलं,
काही तिकडे, काचेच्या कपाटांत.
‘माझी पोरंही तिकडेच,’ तो म्हणाला. ‘मार्सेयला.’

मग त्या चिकटून बसलेल्या रांजणांशेजारी
एक पाय लांब करून तो टेकला,
आणि चहा मागितला.
साखर जास्त.