गटिंगवाला

स्टँडच्या खाली, पाण्याच्या टाकीला लागून
माझी खोली. एक मशीन, एक पंखा,
आणि खिळ्यांना टांगलेल्या रॅकेटी,
प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी:
नाव, देश, पौंड.

बत्तीस जण आलेत पुरुष एकेरीला.
चेहऱ्यानं मी कुणाला ओळखत नाही,
त्यांची भीती मात्र ओळखतो.
सर्बियाचा तो उंच पोरगा शनिवारी छप्पन्न म्हणाला,
रविवारी चोपन्न,
काल दारात उभा राहून नुसताच
तळहात खाली-वर करत राहिला.

बाबा वरळीच्या कोळीवाड्यात जाळी विणायचे.
जाळ्याच्या एका भोकाला आमच्यात आस म्हणतात.
आस बारीक ठेवली तर पिल्लंही मरतात,
मोठी ठेवली तर रिकाम्या पाटीनं घरी.
अंगठा घालून मोजायचे.
मी हे मशीन घेतलं तेव्हा म्हणाले,
आलेलं धरायचं नाही, उलट परत धाडायचं,
हे कसलं रे जाळं?

मंगळवारी दुपारी आला तो, सोलापूरचा,
श्रीनिवास बोल्ली.
पात्रता फेरीत रविवारीच हरलेला,
रात्रीच्या बसचं तिकीट काढून बसलेला.
कुणा क्रोएशियनची कंबर धरली
आणि ह्याचं नाव आत.
लकी लूजर म्हणतात अशाला.
मराठीत काय म्हणायचं, मी विचारलं.
तो म्हणाला, आमच्याकडे तेलुगूतही नाही.

धड अशी एकच रॅकेट. बावन्न, म्हणाला.
मी ओढत होतो तेव्हा गेला नाही, बघत राहिला,
उभ्या सोळा, मग आडवी
एकीच्या वरून, एकीच्या खालून.
आजोबांच्या मागावर असंच, म्हणाला,
फक्त तिथं शेवटी चादर निघायची.

मॅच मी पाहत नाही. ऐकतो.
भिंतीपलीकडे कोर्ट तीन.
बावन्न पौंडांचा आवाज मला कळतो,
शहाळं कानाशी हलवून कळावं तसा.
पहिला सेट सहा-एक. कुणाचा, ते सांगायला नको.
दुसऱ्यात, तीनच्या सुमाराला,
ओव्हलवरून खारा वारा सुटला
आणि रॅली लांबायला लागल्या.
नऊ, अकरा, एकदा तर मी चौदा मोजले
हातातली कात्री तशीच धरून.
चार-चार.
मग तो आवाज,
फोडणी विझल्यावर एखादीच मोहरी तडतडावी तसा.
तार गेली.

बॉल बॉय धावत आला, रॅकेट छातीशी.
चिठ्ठी कोरी.
किती रे?
दादा म्हणाला, तुम्हीच ठरवा.

सव्वीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं.

जुनी तार मधून बाहेर कापत गेलो,
एकदम कापली तर फ्रेम वाकते.
अठ्ठेचाळीसवर आणलं. पन्नास केलं.
पुन्हा अठ्ठेचाळीस.
पंखा बंद केला, भिंतीतून नीट ऐकू यावं म्हणून.
तिकडे तो दुसऱ्याच रॅकेटनं खेळत होता,
चिरलेल्या, भांड्यासारखी वाजणारी.
आडव्या ओढताना एकदा
मी दोन आडव्यांमध्ये अंगठा घालून पाहिला.
त्याचा काही उपयोग नसतो.

सतरा मिनिटं. पोरगा पळाला.
मग माझ्या अठ्ठेचाळीसचे फटके आले:
खोल, ओले, सावकाश,
सात का आठ.
पंचांनी भोंग्यातून आकडे सांगितले,
खुर्च्या सरकल्या.

संध्याकाळी तो आला, अंघोळ करून,
केस ओले, पिशवी खांद्याला.
तारांवर अंगठा दाबून बघितला.
किती, म्हणाला.
आठशे, म्हणालो.
त्यानं मोजून दिले,
थोडा थांबला, आणि गेला.

बऱ्याच वेळानं लक्षात आलं
तो रुपये विचारत नव्हता.
फाटकापर्यंत गेलो. तिथं दोन वॉचमन
आणि पुसलेल्या नावांचा फळा.

परत आलो तर दारात सर्बियाचा,
तळहात खाली, अजून खाली.