दोन सूत

नवं कार्ड आत जाईना. दोन सूत कमी.
दोन सूत म्हणजे पाव इंच.
सातपूरच्या प्रेसशॉपात एकतीस वर्षं
ड्रॉइंगवर मिलिमीटर होते,
आमच्या तोंडात सूत.

नवं कॅबिनेट घ्यायचं नाही, शरयूनं बजावलं होतं.
"याच्यावर मी चार हजार लग्नं लावलीत."
लग्नं म्हणजे पत्रिका. पंचवटी कारंजापाशी
दहा बाय आठचा गाळा, एक प्रिंटर, एक स्टूल,
आणि चार हजारांत फक्त एकदा
नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव.
ते लोक अजून दिवाळीला फराळ पाठवतात.

पांढरं होतं ते कधीतरी.
आता जुन्या दाताच्या रंगाचं.
सिडकोच्या आमच्या गॅलरीत पेपर पसरून
मी त्याला आडवं निजवलं
आणि पिंजऱ्याच्या रिव्हेटांची डोकी
एकेक करून उडवली.
आतून निघालं ते असं:
पालीच्या अंड्याचं टरफल,
दोन यू-पिना,
आणि नमुन्याच्या पत्रिकेचा कोपरा,
कुंकवाचं बोट लागलेला,
वर एवढंच – "आमचे येथे श्रीकृपेकरून"
पुढचं वाळवीनं नाही, पंख्यानं खाल्लं होतं.

खालचे बोरस्ते वर आले,
"काका, ग्राइंडर? रविवारी? दुपारी?"
मग तेच टॉर्च धरून बसले.

पत्रा वीस गेज. हल्ली असा देत नाहीत कोणी.
कापताना तो किंचाळतो, ते ठीक,
पण कापून झाल्यावर गप्प असतो तेव्हा चावतो.
माझ्या अंगठ्याला कळलं
पेपरावर लाल ठिपका दिसल्यावर.
मग कानस. कडेवरून बोट सुखानं फिरेपर्यंत कानस.
हे मी अॅप्रेंटिस पोरांना शिकवायचो,
त्यांतला एक आता कॅनडात आहे,
तिथे कानस असते की नाही, विचारायचं राहिलं.

मागच्या बाजूची पट्टी वाकवायला
तांबट लेनमध्ये माधवकडे गेलो.
जन्मभर घंगाळी ठोकलेला माणूस.
त्यानं पत्रा टिचकी मारून ऐकला,
"लोखंड आहे रे हे. याला मन नाही,"
म्हणाला, आणि लाकडी मोगरीनं
तीन ठोक्यांत काटकोन दिला.
पैसे घेतले नाहीत.
"यात काय गणपती बसवणार?" विचारलं फक्त.
मी म्हणालो, विमान.

खरंच सांगतो, विमान.
एकसष्टाव्या वर्षी तिला ते शिकायचंय,
खोटं, पडद्यावरचं,
पण काटे, दांडे, हवामान सगळं असलेलं.
त्यासाठी हे कार्ड, ही सगळी काटछाट.

पुढून हवा यावी म्हणून वीतभर गोल कापला
आणि त्यावर जाळी बसवली.
जाळी कुठली, ते तिला गुरुवारी कळलं,
शिऱ्यासाठी रवा चाळायला घेतला तेव्हा.
ती एक शब्द बोलली नाही.
शिरा गुठळ्यांचा झाला. मी दोनदा वाढून घेतला.

बटण मात्र जुनंच ठेवलं.
नव्या बोर्डाच्या पिना वेगळ्या,
दोन वायरी सोल्डर केल्या, त्यावर टेप.
दाबलं की तोच आवाज,
गाळ्याचं शटर वर गेल्यावर
पहिला यायचा तो.
तिनं दाबलं. थांबली. परत दाबणार होती,
मी हात धरला. "बंद होईल."

रात्री साडेनऊला ओझरहून उड्डाण.
चाळणीतून वारा आत जात होता,
झाकण अजून दोन सूत उघडं, कार्डाची वायर आड येते,
तिथून निळा उजेड भिंतीवर.
गंगापूरचं धरण आलं, खूपच चौकोनी.
गोदावरी म्हणजे राखाडी फीत.
"आपली बिल्डिंग नाहीये यात,"
ती नाकावरचा चष्मा सावरत म्हणाली,
"सगळं सिडको नुसतं हिरवं दाखवलंय."

मी खुर्ची ओढून बसलो.
"डावीकडे घे," म्हटलं,
"थोडं. सूतभर."